एकशे चाळीस आणि एकशे सत्तरच्या मध्ये

ॲमस्टरडॅम, १४ नोव्हेंबर १९८८

आदरणीय वेन्स्ट्राबाई,

नऊ वर्षांनी पत्र लिहितेय. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच बाजूला ठेवाल, असं वाटलं, म्हणून पत्ता टाइप केला. एवढी लबाडी आधीच कबूल करते.

काम छोटं आहे. १९७९च्या मार्चमध्ये 'मेरेल' या संगणकभाषेच्या समितीपुढे तुम्ही एक टिपण ठेवलं होतं. तुलनेच्या चिन्हांबद्दलचं, चार पानांचं. संस्थेच्या कपाटात त्या वर्षाचे सगळे कागद आहेत, नेमकं तेवढंच नाही. तुमच्याकडे प्रत असली तर मला हवी होती.

फ्रीसलंडमधल्या हेमेरवार्ड पोल्डरात, त्या बांध घालून समुद्रातून काढलेल्या जमिनीत, ऑक्टोबरात पाणी भरलं, हे तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. तिथल्या पंपघराचा प्रोग्राम आपल्या मेरेलमध्ये लिहिलेला आहे. पाणी मंडळाने चौकशी लावली आणि त्या भाषेतल्या ओळी यंत्राला समजावणारा कंपायलर माझा म्हणून मला बोलावलं. फार काही निघेल असं वाटत नाही. कागद पुरे असावेत, इतकंच.

तुम्ही बेटावर शाळेत गणित शिकवता असं कानावर आलं. मुलं नशीबवान आहेत. हे मी उगाच गोड बोलायचं म्हणून लिहीत नाही.

तुमची,
रेन्स्के


ॲमस्टरडॅम, २७ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

तुमचं कार्ड मिळालं. पुढे दीपगृहाचं चित्र, मागे पाच शब्द : 'टिपण आहे. कशासाठी ते सांग.' कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. तुमच्या अक्षरात काही म्हणजे काही फरक पडलेला नाही.

सांगते. पण आधी डाउवेबद्दल सांगू द्या.

डाउवे बावीस वर्षं हेमेरवार्डच्या पंपघरावर आहेत. वय एकसष्ट. तिथे दोन पंप. पहिला आपला आपण चालू असतो. पाऊस जास्त झाला की दुसरा लावावा लागतो, नाहीतर शेतं बुडतात. सगळं गावच समुद्राच्या पातळीखाली. चार वर्षांपूर्वी मंडळाने तिथे संगणक बसवला. दर दहा मिनिटांनी त्याने पाण्याची पातळी मोजायची. ती एकशे चाळीस आणि एकशे सत्तर सेंटिमीटरच्या मध्ये असली तर काही करायचं नाही, वर गेली तर दुसरा पंप लावायचा आणि भोंगा वाजवायचा. चार वर्षं कुणाची तक्रार नव्हती. या ऑक्टोबरात डाउवेंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ते पहिल्यांदाच सलग तीन आठवडे रजेवर गेले. दुसऱ्याच आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला. रविवारी लोक चर्चमधून बाहेर पडले तर रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. एकोणीस घरांत शिरलं. हेसेल म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या त्रेचाळीस मेंढ्या खालच्या कुरणात होत्या. त्या गेल्या.

मदतीला आलेल्या माणसाने घाईत चावी फिरवून पंप हाताने लावला. त्यामुळे आधी चावी 'आपोआप'वर होती की 'हाताने'वर, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी डाउवेंना विचारलं, जाताना चावी चुकून 'हाताने'वर राहिली का. डाउवे म्हणाले, राहिली असेल.

तेवढ्यावर निकाल लागल्यासारखंच झालं. त्यांना घरी बसवलंय. गावात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. हेसेल आणि ते शाळेतले सोबती, तोही रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

मी गेल्या बुधवारी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोने, फ्राउक्येने, साखरेचा पाव कापून समोर ठेवला आणि स्वतः उभीच राहिली. डाउवेंनी मला त्यांच्या वह्या दाखवल्या. बावीस वर्षांच्या बावीस वह्या. रोज सकाळी सहाची पातळी, दुपारी दोनची, संध्याकाळी सातची, आणि वाऱ्याची दिशा. संगणक आल्यावरही एक दिवस खाडा नाही. मी विचारलं, यंत्र मोजत होतं तर तुम्ही कशाला मोजायचात?

ते म्हणाले, "यंत्र पाणी मोजतं. मी ढगही बघतो."

पातळी एकशे पासष्टला आली आणि पश्चिमेचं वारं असलं की ते दुसरा पंप आपल्या हाताने लावून मोकळे व्हायचे. सत्तरची वाटच बघायची नाही. म्हणजे चार वर्षं त्या प्रोग्रामवर दुसरा पंप लावायची पाळीच आली नाही. बाई, एवढी सरळ रेषेत जगलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

टिपण कशासाठी हवंय ते पुढच्या पत्रात लिहिते. आज इतकंच जमतंय.

रेन्स्के


ॲमस्टरडॅम, ६ डिसेंबर

बाई,

तुम्ही काही उत्तर पाठवलं नाहीत. बरोबरच आहे, मी प्रश्न टाळला होता.

चौदा नोव्हेंबरला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं. चार दिवस आधी मी पंपघरात गेले होते. संगणकाला छापायची कागदाची गुंडाळी आहे. चावी आपोआपवर असेल तेव्हाच ती चालते. पुरात कपाटात पाणी गेलं आणि गुंडाळीचा लगदा झाला असं समजून कुणी ती उलगडलीच नव्हती. मी ती खोलीवर आणली आणि हीटरवर वीतवीत करून वाळवली. रविवार सकाळचं छापलेलं असं आहे : १७६ ठीक. १८३ ठीक. १९१ ठीक. शेवटचा आकडा २१४. त्याच्यापुढेही ठीक.

म्हणजे डाउवेंनी चावी आपोआपवरच ठेवली होती. यंत्र जागं होतं आणि दर दहा मिनिटांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतं.

मग प्रोग्राम उघडला. ती ओळ मला शोधावी लागली नाही. नऊ वर्षं मी तिची वाटच बघत असल्यासारखी ती समोर आली :

१४० < पातळी < १७०

मंडळाच्या अभियंत्याने ही ओळ कुणीही शहाणा माणूस लिहील तशीच लिहिली. पातळी एकशे चाळीस आणि एकशे सत्तरच्या मध्ये. पण मेरेल काय करते ते तुम्हाला माहीत आहे. ती डावीकडून सुरुवात करते. '१४० < पातळी' एवढा तुकडा आधी घेते. खरा असेल तर उत्तर एक, खोटा असेल तर शून्य. मग ते एक किंवा शून्य उचलून एकशे सत्तरशी ताडते. एक हा एकशे सत्तरपेक्षा लहान. शून्यही लहान. पोल्डर कोरडा पडो की बुडो, उत्तर ठरलेलं : ठीक.

हे सगळं तुम्ही मार्च १९७९मध्ये सांगितलं होतं. ती बैठक मला शब्द न शब्द आठवते. तुम्ही एका प्राथमिक शाळेत जाऊन आला होतात. एकतीस मुलांना फळ्यावर '३ < चौकोन < ७' लिहून दाखवलं होतं आणि चौकोनात काय बसेल ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं होतं. एकतीस चिठ्ठ्या तुम्ही टेबलावर मांडल्यात. सगळ्यांवर तीन आणि सातच्या मधलाच आकडा. रूलॉफ तेव्हा समितीचा अध्यक्ष होता. तो हसून म्हणाला, "मुलं कंपायलर लिहीत नाहीत, बाई."

तुम्ही म्हणालात, "म्हणूनच त्यांना विचारलं. चिन्ह त्यांचं आहे, आपण उसनं घेतलंय. उसनं घेताना अर्थ मागे ठेवून आलो तर ती चोरी झाली."

रूलॉफचं म्हणणं, वजाबाकी डावीकडून होते, भागाकार डावीकडून होतो, मग तुलनेसाठी वेगळा नियम कशाला. अमेरिकेत असल्याच नियमाची भाषा हजारो लोक वापरतात. तुम्ही म्हणालात, वजाबाकीतून संख्या निघते, तिच्यातून पुढची वजाबाकी करता येते. तुलनेतून होय किंवा नाही निघतं. 'होय' हे एकशे सत्तरपेक्षा लहान आहे का, असा प्रश्न जगात कुणाला पडतो? आणि तुमच्या तिसऱ्या पानावर ती बारीक गोष्ट होती, जी आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती : साखळीचा अर्थ दोन तुलना असा लावाल तेव्हा मधली वस्तू एकदाच मोजा. दोनदा मोजली आणि मधल्या क्षणात ती बदलली, तर एक तुलना एका पाण्याची होईल आणि दुसरी दुसऱ्या पाण्याची. पाणी, बाई. तुम्ही उदाहरणही पाण्याचंच दिलं होतं.

आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी तुम्हाला म्हटलं होतं की माझं मत तुमच्या बाजूने. मतदानाला हात वर केला तो रूलॉफबरोबर. तीन विरुद्ध दोन. माझा कंपायलर अर्धा झाला होता. तुमचं ऐकलं असतं तर माझा प्रबंध सहा महिने लांबला असता. कारण एवढंच होतं, याहून मोठं काही शोधू नका.

हरल्यावर तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "खरा अर्थ देणार नसाल तर निदान नकार द्या. कुणी अशी ओळ लिहिली तर कंपायलरने ती घेऊ नये, लिहिणाऱ्याला परत विचारावं. खोटा अर्थ तेवढा देऊ नका." यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. ते काम माझ्याकडे आलं. दोन आठवड्यांचं होतं.

मी ते केलं नाही. आधी प्रबंध, मग परिषद. रूलॉफ म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर तुम्ही संस्था सोडली होती आणि विचारणारं कुणी उरलं नव्हतं. १९८३मध्ये मेरेलच्या नियमांची पुस्तिका छापायला जाणार होती. नकाराचं काय झालं हे कुणी विचारू नये म्हणून तुमचं टिपण मीच कपाटातून काढून घरी नेलं. पुढे घर बदलताना ते हरवलं.

तर टिपण यासाठी हवंय.

रेन्स्के


ॲमस्टरडॅम, १५ जानेवारी १९८९

आदरणीय बाई,

टिपण मिळालं. चिठ्ठ्याही सोबत असतील असं वाटलं नव्हतं. दहा वर्षं तुम्ही त्या जपून ठेवल्यात. एकीवर मुलाने चौकोनात साडेपाच लिहिलंय आणि तुम्ही बाजूला 'शाबास' लिहिलंय.

पत्रात तुम्ही माझ्या वागण्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. एकच प्रश्न विचारलात, मेरेलमध्ये लिहिलेले आणखी प्रोग्राम कुठे कुठे चालतात आणि त्यांच्यात ही ओळ आहे का. मी तीन आठवडे स्वतःला कोसत बसले होते, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. लाज वाटली आणि लगेच कामाला लागले.

नियम आता बदलायचा कसा, याबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर मी भिंतीवर चिकटवून ठेवलंय. माझा बेत होता की कंपायलर सरळ तुमच्या अर्थाने दुरुस्त करावा. तुम्ही लिहिलंत की तसं करू नकोस. कुणाचा प्रोग्राम आजच्या खोट्या अर्थावरच कसाबसा टेकून उभा असेल, तोही न बोलता बदलेल. आधी नकार दे. लिहिणाऱ्याला त्याची ओळ दिसू दे, त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठरवू दे. सगळे जागे झाले की मग अर्थ दे. भाषा दुरुस्त करताना माणसांना झोपेत हलवायचं नाही, हे मला सुचलं नसतं.

नकाराचं काम संपलं. दोन आठवडे सांगितले होते, नऊ दिवस लागले.

रूलॉफ भेटून गेला. त्याचं म्हणणं, पुस्तिकेत कलम सात-तीनमध्ये नियम स्वच्छ छापलाय, तो न वाचणं ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक, आणि अहवालात तेवढंच असावं. तो वाईट माणूस नाही. मेरेल ही त्याची आयुष्यभराची कमाई आहे आणि तो घाबरलाय. मीही घाबरलेच आहे. शनिवारी हेमेरवार्डच्या सभागृहात गावापुढे बोलायचंय.

रेन्स्के


हेमेरवार्ड, २१ जानेवारी

बाई,

गावातल्या खानावळीत बसून लिहितेय. बस सुटायला तासभर आहे.

साठ-सत्तर माणसं आली होती. डाउवे शेवटच्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. फ्राउक्ये उशिरा आली आणि त्यातल्या एकीवर बसली. हेसेल खिडकीपाशी उभा होता.

अहवाल मी वाचला नाही. फळा मागून घेतला आणि त्यावर ती ओळ लिहिली, '१४० < पातळी < १७०', आणि विचारलं, हे काय लिहिलंय? मग पुढे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या की त्यात काय, पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये हवं. मी विचारलं, कुणाला वेगळं काही वाटतं का? हेसेलने मान हलवली, नाही. मग मी यंत्र ते कसं वाचतं ते पायरीपायरीने फळ्यावर करून दाखवलं. कागदाची गुंडाळी अध्यक्षांच्या टेबलावर उलगडली. लोक उठून बघायला आले. '२१४ ठीक' वाचून एक जण हसला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

हेसेल म्हणाला, "असं वाचायचं हे कुणी ठरवलं?"

मी म्हणाले, "आम्ही पाच जणांनी. दोघांनी विरोध केला होता. मी विरोध केला नाही. अशी ओळ आली तर यंत्राने नाकारावी, असंही ठरलं होतं. ते दोन आठवड्यांचं काम माझं होतं. मी केलं नाही."

तुमचं नाव घेऊन मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. त्या हातोहात फिरल्या. अध्यक्ष उभे राहिले आणि डाउवेंकडे बघून म्हणाले की मंडळाचं चुकलं, चावी बरोबर होती. टाळ्या वाजल्या. दोघं-तिघं जाऊन डाउवेंचा हात हातात घेऊन आले. पण बाई, ते खूश दिसले नाहीत. टाळ्या थांबायच्या आतच टोपी घालून बाहेर पडले. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. मलाही तसंच वाटलं.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही. आजीबाईंनी एवढंच विचारलं, दोन आठवड्यांचंच काम होतं ना? मी हो म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या.

रेन्स्के


ॲमस्टरडॅम, १२ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

तुमचं लांब पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कोट घालून कालव्याकाठी चालत सुटले.

१९८३मध्ये छापखान्याने तुम्हाला पुस्तिकेची प्रत पाठवली होती, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही लिहिता की पहिल्याच दिवशी तुम्ही कलम सात-तीन काढून पाहिलं, नकार त्यात नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि पुस्तिका मिटून फळीवर ठेवली. एक पत्र टाकलं असतं तर काम झालं असतं, पण टाकलं नाही. 'मला वाटलं, पडू दे कुठेतरी उघडं. मग कळेल त्यांना. पाच वर्षं मी बरोबर ठरायची वाट बघत होते, रेन्स्के. ठरले. त्रेचाळीस मेंढ्या आणि एका माणसाची इज्जत.'

हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. गावाने तुमच्या चिठ्ठ्या हातोहात फिरवल्या, त्यांच्या लेखी तुम्ही एकट्याच धुतल्या तांदळासारख्या होता. ते तसंच राहू देता आलं असतं. तुम्ही राहू दिलं नाहीत. मी तुमच्याकडे तर्कशास्त्र शिकले, भाषा बांधायला शिकले. त्या सगळ्याहून हे पान मोठं आहे. एवढं बोलू द्या.

हे पत्र डाउवेंना वाचून दाखव, असं तुम्ही सांगितलंत. काल गेले होते.

त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग काठी टेकत उठले, कपाटातून १९८६ची वही काढली आणि तिच्यात ठेवलेली कागदाची पट्टी माझ्यापुढे ठेवली. फेब्रुवारीतली. १७६ ठीक. १७६ ठीक. १७७ ठीक.

त्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि परतायला उशीर झाला होता. येऊन बघतात तर पाणी रेषेच्या वर, भोंगा गप्प, दुसरा पंप थंड. त्यांनी पंप लावला, पट्टी फाडली आणि वहीत ठेवून दिली.

"भाषाबिषा मला कळत नाही, पोरी," ते म्हणाले. "पण यंत्र आंधळं आहे एवढं त्या दिवशी कळलं होतं."

मी विचारलं, मंडळाला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्यांनी दुरुस्त केलं असतं. दुरुस्त झालं असतं तर मी कशाला लागत होतो?" वही मिटत म्हणाले, "मग ऑपरेशनला गेलो. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे. वाटलं, पाऊस थोडाच यायचाय. अध्यक्षांनी चावीचं विचारलं तेव्हा मी असेल म्हटलं. चावीचा दोष नव्हता, पण कुणीतरी दोष द्यायला आलं याचं बरंच वाटलं."

फ्राउक्येने हातातला कप खाली ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, माझा अहवाल तर गेला. ही पट्टी मी पाहिलीच नाही असं समजू का? मनापासून विचारलं होतं. त्यांना परत घ्यायचं मंडळाने कबूल केलं होतं, गाव पुन्हा बोलायला लागलं होतं.

ते म्हणाले, "बेटावरच्या त्या बाईंना कुणी विचारायला गेलं होतं का? तरी सांगितलं ना त्यांनी. तू कागदावर घाल. हेसेलला मी सांगतो."

आज पुरवणी लिहून पाठवली. पट्टी जोडली.

रेन्स्के


हेमेरवार्ड, २ एप्रिल

आदरणीय बाई,

उशीर झाला, पण हातात काहीतरी असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मेरेलची नवी आवृत्ती निघाली. मंडळांचे, हरितगृहांचे, दूध डेऱ्यांचे मिळतील तेवढे शहाऐंशी प्रोग्राम जमा करून तिच्यातून काढले. अकरा ठिकाणी तिने नकार दिला. अकरा माणसांना मी स्वतः फोन केले आणि 'तुम्हाला इथे काय म्हणायचं होतं' एवढंच विचारलं. अकराही जणांनी तेच सांगितलं. एका डेरीत दुधाची टाकी तापली की कळवायची ओळ होती. ती सहा वर्षं गप्प बसली होती, तापायची वेळ अजून आली नव्हती इतकंच. रूलॉफने नवी पुस्तिका वाचली आणि कलमाखाली तुमचं नाव असावं असं त्यानेच सुचवलं. मला विश्वास बसेना, पण ते त्याच्या अक्षरात आहे.

पुरवणी गेल्यावर अध्यक्षांनी फोन करून विचारलं होतं की याची खरंच गरज आहे का. मी म्हटलं, डाउवेंना आहे. मंडळाने त्यांना ताकीद दिली आणि सप्टेंबरात निवृत्त होईपर्यंत नव्या माणसाला शिकवायला ठेवलं. नवा माणूस आता वहीही भरतो.

हेसेलचं वेगळं. डाउवे काठी टेकत त्याच्या फाटकापर्यंत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हेसेलने ऐकून घेतलं, फाटक लावलं आणि आत गेला. पाच आठवडे काही नाही. मग एका रविवारी चर्चच्या दाराशी, दुसरीकडेच बघत म्हणाला, "शुक्रवारपासून कोकरं यायला लागतील. दोन आयांची दुधं कमी पडणार. बाटलीने पाजायला माणूस हवा. बसून करायचं काम आहे."

आज मी तिकडूनच आले. गोठ्यात डाउवे एका उलट्या खोक्यावर बसले होते, दुखरा पाय लांब करून, मांडीवर कोकरू आणि हातात बाटली. हेसेल गवत पसरत होता. दोघंही काही बोलत नव्हते. मी डाउवेंना हळूच विचारलं, त्या विषयावर काही बोलला का तो?

म्हणाले, "नाही. पण चहा दोन कप आणतो."

मग कोकराच्या तोंडावरचं दूध बाहीने पुसत त्यांनी विचारलं, "त्या बाई कधी येणारेत?"

मी म्हटलं, विचारून बघते. म्हणून विचारतेय.

तुमची,
रेन्स्के